जांबाच्या झाडावरचा डबा

वैशालीचा मिस्ड कॉल रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास येत असे. दोनदा वाजायचा आणि बंद व्हायचा. त्याचा अर्थ एवढाच, की तिकडे मोर्शीजवळच्या बगीच्यातल्या घरात तिच्या सासूबाई, म्हणजे माझी मैत्रीण शकू, उठली आहे, तिने खाटेवरूनच दोरी ओढली आहे आणि खिडकीबाहेरच्या झाडावर टांगलेला डबा वाजला आहे. मी इकडे अकोल्यात चहाचं आधण ठेवून ओट्याशी उभी असे. पहिली रिंग, दुसरी रिंग, मग शांतता. ती शांतता झाली की मी आधणात पत्ती टाकत असे. पंधरा महिने असे गेले. फाल्गुनातल्या त्या सकाळी फोन दोनदा वाजला, आणि मग तिसऱ्यांदा वाजला. चौथ्यांदा... मी आधणाकडे बघत उभी राहिले. उचलत नाही तोवर काही झालेलं नाही, असं काहीतरी मनात होतं. शेवटी उचलला तर पलीकडे वैशाली नव्हती, शकूचा मुलगा प्रफुल्ल होता. तो म्हणाला, "मावशी, आज डबा वाजला नाही."

मी मुळातच भित्री आहे. कुत्र्याला भिते, घाटाच्या रस्त्याला भिते, अवेळी वाजणाऱ्या फोनला भिते. नोकरीही अशी मिळाली की जिथे कोणी मोठ्याने बोलत नाही. अकोल्याच्या एका कॉलेजात मी पस्तीस वर्षं ग्रंथपाल होते. शकू माझ्या अगदी उलट आहे, असं मी आयुष्यभर समजत आले. ते तितकंसं खरं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं, आणि या लेखात सांगायचं आहे ते तेच.

आमची ओळख अमरावतीला झाली, मुलींच्या वसतिगृहात. ती पातूरजवळच्या एका खेड्यातून बी.ए. करायला आली होती. परीक्षेचे दिवस होते आणि मी खोलीत कान झाकून पाठांतर करत होते. अचानक गच्चीवरून असा एक आवाज आला की माझ्या हातातून पुस्तक पडलं. कोणीतरी गच्चीवरून पडलं, असंच वाटलं. खाली रस्त्यावर सायकलवाले थांबून वर बघू लागले. आम्ही चार-पाच जणी धापा टाकत वर गेलो तर वाळत घातलेल्या मुगवड्यांच्या कडेला एक किडकिडीत मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि आजूबाजूच्या पाच-सहा इमारतींवर एकही पाखरू उरलं नव्हतं. मेट्रनबाईंनी तिला फक्त वड्यांकडे लक्ष ठेव म्हणून सांगितलं होतं. ती आमच्याकडे बघून म्हणाली, "काय झालं वं? असे तोंडं काहून पाडले तुमी? कावळे होते, हाकलले."

त्या आवाजाला हाकारा म्हणतात, हे मला तिने सांगितलं. त्यांच्या वावरात ज्वारी दाण्यात आली की चार बल्ल्यांवर, म्हणजे लाकडी खांबांवर, एक माळा, म्हणजे मचाण, बांधत, आणि दिवस उगवायच्या आधी पोरीने त्यावर जाऊन बसायचं. पोपटांचे थवे उजाडता उजाडताच उतरतात. ती आठ-नऊ वर्षांची असल्यापासून एकटी त्या माळ्यावर बसे. जवळ गोफण असे, पण तिचा भरवसा गळ्यावर. हाकारा पोटातून येतो, गळ्यातून नाही, असं ती म्हणायची. सुरुवातीला लांबवलेला 'हा', मध्ये एक वळसा, आणि शेवटी चाबूक फुटावा तसा तुटलेला. कागदावर मला तो उतरवता येत नाही.

लग्न होऊन ती मोर्शीकडे संत्र्याच्या बगीच्यात आली, आणि माझ्या सुट्ट्या तिथे जाऊ लागल्या. मी लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर दिवाळीला अकोल्याचं घर मला खायला उठे, तेव्हा तिने एकदा गाडीच पाठवली आणि मग दर दिवाळीला मी तिच्याकडे हे ठरूनच गेलं. पाखरं बघण्याचा छंद मला ग्रंथालयातल्या एका चित्रांच्या पुस्तकाने लावला होता. दुर्बीण घेतली, वही केली. शकूच्या घराभोवती मला काय काय दिसलं आहे... बांधावरच्या बाभळीवर नीलपंख, विहिरीच्या काठावर खंड्या, कडुलिंबावर राखी धनेशाची जोडी, तारेवर ओळीने बसलेले वेडे राघू. आणि पोपट तर विचारूच नका. आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या सुमारास रंग धरतं, घरासमोरच्या जांबाला (पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात) फळं असतात, आणि सकाळ-संध्याकाळ पोपटांची नुसती झुंबड. एक पाय फांदीवर, एका पायात फळ धरलेलं, अर्धं खायचं आणि टाकून द्यायचं.

मी पहाटे अंगणात पाटावर बसायची. श्वास रोखून दुर्बीण लावायची, पानांत हिरवं हलतंय का ते शोधायची, एक, दोन, तीन... आणि मागून हाकारा. अख्खं झाड मोकळं.

"शकू, अगं चूप ना जरा!"

"चूप राहून काय होते वं? चूप राहून तुले तीन दिसले. मी आवाज देल्लावर किती उडाले?"

"मोजायला वेळ कुठे मिळाला?"

"तीस-चाळीस होते. पाखरू पाह्याचं असन तं त्याले आधी भेववा लागते. भेलं का दिसते."

हे भांडण आम्ही पंचवीस-तीस वर्षं केलं. तिचंही बरोबर होतं, तिचं फळ जात होतं. पण मी सुट्टीवर आलेली, मला फळाचं काय. मी दरवर्षी तिला चूप राहा, चूप बस म्हणत राहिले. तोंडावर बोट ठेवून मी अशी वळायची की तिचे घरातले लोक माझी नक्कल करत. तिचं लग्नातलं हसतमुख घर, मागाहून नवरा गेल्यावरचं शांत झालेलं घर, प्रफुल्लच्या लग्नानंतर पुन्हा बोलतं झालेलं घर, या सगळ्या घरांत माझं एक वाक्य कायम होतं. शकू, चूप ना.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला मी गेले तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. पोळ्यापासून बसलाय, म्हणाली. त्यात कोणालाच नवल वाटलं नाही. दरवर्षी बहार पिकताना तिचा गळा फाटायचाच. ओरडून ओरडून बसणार नाही तर काय, असं ती स्वतः म्हणत होती, प्रफुल्ल म्हणत होता, मीही म्हणाले. हळदीचं दूध चालू होतं, ज्येष्ठमधाची काडी गालात होती. बगीच्यातल्या इतर लोकांसारखा एक डबा तरी बांध झाडाला, असं मी सुचवून पाहिलं. आमच्या भागात तेलाचा रिकामा डबा झाडावर टांगतात, आत एक लोखंडी बोल्ट लोंबत ठेवतात आणि लांबून दोरी ओढून वाजवतात. शकूला त्या डब्याचा मनस्वी तिटकारा होता. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "टिन वाजवणं आळशाचं काम हाय. ज्याले गळा नाई त्यानं टिन वाजवावं."

त्या दिवाळीत जांबावर रोज पोपट येत आणि कोणी त्यांना उडवत नव्हतं. मी पाटावर तासन् तास बसले. पोपटाची मादी नराला चोचीने ढकलते ते पाहिलं. एकदा मोठे पहाडी पोपट आले, खांद्यावर लाल डाग असलेले, ते मी आयुष्यात इतक्या जवळून पाहिले नव्हते. माझी वही पानामागून पान भरत होती. निघताना मी तिला म्हणाले, आणि हे वाक्य मी लिहिते आहे कारण ते लिहिलं नाही तर या लेखाला अर्थ नाही... मी म्हणाले, "बघ, तू चूप होतीस तर यंदा किती पाखरं दिसली मला."

ती हसली. हसताना तिला ठसका लागला.

पंधरा दिवसांनी प्रफुल्लने तिला अमरावतीला दाखवलं. गळ्यात गाठ होती, आणि ती नुकतीच झालेली नव्हती. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला पुढून एक भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. आवाज कायमचा जाईल, पण काळ मिळेल. नाही काढलं तर काळही फार नाही. शकूने सगळं ऐकून घेतलं, पदर नीट केला आणि 'नाही' म्हणाली. घरी येऊनही नाहीच. प्रफुल्लने हात जोडले, वैशाली रडली, शकू भाजी निवडत बसली. मग प्रफुल्लचा मला फोन आला. "मावशी, तुमीच काही करा. तिले कुठी घेऊन जा चार दिवस. तुमचं ऐकन ती."

ती माझं कधीच ऐकत नसे, हे त्या पोराला कळायला हवं होतं. तरी मी गेले. आपण मेळघाटात पाखरं बघायला जाऊ, अशी सुट्टी मी काढली. दिवाळीची सुट्टी संपली, आता कसली, असं ती म्हणेल वाटलं होतं. पण ती लगेच निघाली. गाडी परतवाडा सोडून घाट चढू लागली तशी मी डोळे मिटून घेतले, आणि नेहमी माझी टर उडवणारी शकू त्या दिवशी माझा हात धरून बसली. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

जंगलाच्या कडेला एका खेड्यात राहायची साधी सोय होती. थंडी सुरू झाली होती. संध्याकाळी ओसरीत बसलो तेव्हा समोरच्या सागाच्या रानात एकेक आवाज बंद होत चालला होता, आधी सातभाई, मग होले, शेवटी लांबवर मोर. मी धीर करून विषय काढला. म्हटलं, "ऑपरेशनला भितेस का?"

"सुरीले कोण भेते? गुंगीत काय समजते?" आवाज अगदी खरखरीत झाला होता, जवळ सरकून ऐकावा लागत होता. मग म्हणाली, "नले, तुले एक सांगतो. कोणाले सांगू नको. लहानपणी माळ्यावर जात होती ना मी, तं अंधारच राहे. बाप बांधावर सोडून देऊन बैलं घेऊन जाये. खाली डुकरं फिरून राहत. पोपट यायले टाइम राहे, पण मी चढल्याबरोबर वरडाले लागो. पोपट भेवावा म्हणून नाई वं. मले भेव लागे म्हणून. आवाज देल्ला का भेव थोडं दूर जाये."

मला तिचा एकेक हाकारा आठवत गेला. वसतिगृहाची गच्ची, बगीचा, नवरा गेला त्यानंतरच्या सकाळी... त्या सकाळी तर ती इतक्या वेळा हाकारत होती की शेजारच्या बगीच्यातून माणसं आली होती.

"आता आवाजच काढून टाकतो म्हणते डॉक्टर. भोकातून श्वास घ्याचा. अन् एखाद्या टाइमले श्वासच अडला तं? बाजूच्या खोलीत पोरगा झोपला हाय अन् मले त्याले हाक मारता येऊन नाई राहिली... मरणाचं नाई वं मले. मराच्या आधी भेव लागन, तवा मी काय करू, ते सांग."

आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाकडे अशा वेळी काहीच नसतं. मी तिची शाल नीट केली, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेर पायवाटेने गेलो. धुकं उतरत होतं. उताराच्या शेतात उशिराची ज्वारी उभी होती आणि मधोमध माळा होता. शकू तिथेच थबकली. तिच्याकडे आता कोणी ज्वारी पेरत नाही, सगळीकडे सोयाबीन, कापूस, तूर. कित्येक वर्षांत तिने माळा पाहिला नव्हता. माळ्यावर एक कोरकू आदिवासी बाई पायावर गोधडी घेऊन शेंगा सोलत बसली होती. मी दुर्बीण लावली. कणसांवर छोटे पोपट होते, जांभळट लाल डोक्याचे, पुस्तकात ज्यांना टोई म्हणतात ते. मी पुटपुटत मोजले. अकरा.

शकू बांधावरून सरळ आत गेली. त्या बाईशी काहीतरी बोलली. बाई हसून म्हणाली, "आ जा माय, चढ," आणि हात दिला. साठी ओलांडलेली शकू चार बल्ल्यांचा तो माळा चढली. मी खाली उभी, तिचा पाय घसरेल म्हणून माझाच जीव अर्धा. ती वर उभी राहिली, पोटावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

आवाज आला नाही. नुसती हवा आली, फाटक्या भात्यासारखी. एक पोपट मान वाकडी करून बघू लागला आणि पुन्हा कणसाकडे वळला. मी शकूचा चेहरा पाहिला. चाळीस वर्षांत तिच्या चेहऱ्यावर भीती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, लपवलेली नाही, उघडी. मला वाटलं, आता ती खाली बसेल. पण तिने पुन्हा श्वास घेतला, दोन्ही हातांनी बल्ली धरली, आणि या वेळी आवाज आला. तिचा तो आवाज नव्हता. जुनं लुगडं टराटरा फाडावं तसा होता, मधला वळसा नव्हता, शेवटचा फटकाही नव्हता. पण तो आला. आणि ज्वारी उठली. अकरा नव्हते ते... शंभर असतील, दीडशे असतील, सगळं शेतच हिरवं होऊन वर गेलं, आमच्या डोक्यावरून वळलं आणि सागावर जाऊन मिटलं. मी दुर्बीण लावायची विसरले.

शकू खोकत खाली वाकली होती. पदराला तोंड पुसलं तेव्हा त्यावर लाल डाग दिसला, तिने तो मुठीत घेतला. थोड्या वेळाने पोपट परत येऊ लागले. आता त्या बाईने सोलणं न थांबवता पायाचा अंगठा हलवला. अंगठ्याला दोरी होती, दोरीच्या दुसऱ्या टोकाला, शेताच्या पार पलीकडे, डबा होता. खडाड् खड् असा आवाज झाला, आणि थवा पुन्हा उठला. तितकाच. शकू त्या दोरीकडे बघत राहिली. मग त्या बाईच्या अंगठ्याकडे. मग पार शेवटी असलेल्या डब्याकडे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदा तिने विचारलं, "मी वढू का?" बाईने दोरी सोडवून तिच्या हातात दिली. शकूने ओढली. डबा वाजला. तिने आणखी एकदा ओढली, हळू, नुसती बघायला की हळू ओढली तरी वाजतो का. वाजला.

खाली उतरल्यावर ती म्हणाली, "चाल. डॉक्टरले सांग, काप म्हणा."

ऑपरेशन झालं. दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं, 'प्रफुल्ल, तेलाचा डबा जांबाले बांध. दोरी माह्या खाटेपर्यंत.' खिडकीच्या गजातून दोरी आत आली आणि खाटेच्या पायाला तिची गाठ बसली. एकदा ओढली म्हणजे मी उठले, किंवा या. दोनदा म्हणजे चहा. डबा न थांबता वाजतच राहिला तर धावत या, श्वास अडला आहे. हे नियम तिनेच लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावले. तिसरा नियम पंधरा महिन्यांत चार वेळा वापरावा लागला. त्यातली एक वेळ माझ्यासमोर. भोकाशी कफ सुकून घट्ट बसला होता आणि तिचे डोळे मोठे झाले होते, हात मात्र दोरीवर चालू होता, खडाड् खड् खडाड् खड्, आणि वैशाली मोरीतून ओल्या पायांनी धावत आली. वैशाली नुकती पदवीधर झालेली, रक्त पाहिलं तरी गरगरणारी मुलगी. तिने चिमट्याने तो कफ काढला, गळ्यातली नळी पुन्हा बसवली. नंतर माजघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मी अंगणात होते. मी हललेच नव्हते.

त्या घराची भीती बदलली होती. पूर्वी आवाजाने दचकायचं, आता आवाज नसला की दचकायचं. डब्याला लागून वारा गेला तरी तीन माणसं माना वर करत. धूळ उडाली, शेजारी काडीकचरा पेटवला, मोहोराच्या दिवसांत बारीक किडे आले, कशाचीही भीती, कारण तिच्या गळ्यावर फक्त एक पातळ कापड असे. दूर अकोल्यात माझी भीती मात्र रोज दोन रिंगांएवढी होती. तो मिस्ड कॉलही शकूनेच सुरू करायला लावला. लिहिलं होतं, 'नली भित्री हाय. तिले रोज कळवत जा.'

तिच्या स्वभावातला खोडकरपणा मात्र तसाच राहिला. मी जाऊन अंगणात पाटावर बसे, कारण तिचाच आग्रह असे, दुर्बीण आणून माझ्या मांडीवर ठेवी. जांबावर पोपट भरलेले. ते नुसत्या टांगलेल्या डब्याला सरावले होते, एक-दोन तर डब्यावरच बसून फळ कुरतडत. मी एक, दोन, तीन मोजत असे आणि नेमक्या वेळी खिडकीतून दोरी ओढली जाई. झाड मोकळं. वळून बघावं तर खाटेवर शकू, खांदे गदागदा हलताहेत, आवाज नाही. कॅलेंडरचा कागद काचेला लावलेला. 'दिसले का सगळे?' त्या हसण्याला आवाज नव्हता, याची सवय मला कधीच झाली नाही. मी खोटं रागवायची. पण एक शब्द मी टाळत असे. चूप. तो शब्द माझ्या जिभेवर पुन्हा कधी आला नाही, कोणासाठीच नाही.

संक्रांतीनंतर भेटायला गेले ती शेवटची भेट. आजार छातीत उतरला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही होतं. मी निघताना तिने कागद ओढून घेतला, बराच वेळ काही लिहिलं नाही, मग लिहिलं, 'भेव लागते. पण कमी.' थोडं थांबून खाली अजून एक ओळ, 'कोणी तरी येते.' तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. अजून तिथेच आहे.

गेली ती झोपेत, उजाडायच्या आधी. दोरी ओढण्याची वेळच तिच्यावर आली नाही. प्रफुल्लने मला ते मुद्दाम सांगितलं, डब्याचा तिसरा नियम लागला नाही म्हणून. मी त्याला विचारलं नव्हतं, पण मला तेच विचारायचं होतं.

गेल्या आठवड्यात मी बगीच्यात गेले होते. तिची खोली तशीच आहे. खाटेवरची गादी उन्हात घातलेली, नळ्या आणि चिमटा धुऊन एका स्टीलच्या डब्यात बंद. कॅलेंडरचे कागद वैशालीने एका पिशवीत जपून ठेवले आहेत. दोरी मात्र खाटेच्या पायाला बांधलेली होती. मी खाटेच्या कडेवर बसले. बाहेर जांबावर पोपट होते. मृग बहाराचं संत्रं उतरवून झालं होतं, म्हणून सगळे जांबावरच. मी सवयीने मोजू लागले. सात दिसले, आठवा पान होतं. आणि मला वाटलं, आता खरे किती आहेत ते सांगायला कोणी नाही.

दोरी हातात घेतली. सुती, मळकी, एका जागी धरून धरून चपटी झालेली. मला भीती वाटली. कशाची ते सांगता येत नाही. डबा वाजेल याची, किंवा वाजून काहीच होणार नाही याची. दुपार होती, घर शांत होतं. मी एकदा ओढली.

डबा वाजला. जांब उठला. ते पंचवीस तरी होते, विहिरीवरून वळसा घेऊन लिंबाकडे गेले. आणि त्याच क्षणी घरात पावलं वाजली. वैशाली दारात आली, दोन्ही हातांना कणीक. तिच्या मागून अंगणातून प्रफुल्ल, पायात एकच चप्पल. तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मी दोरी सोडून दिली. माफी मागायला हवी होती.

प्रफुल्ल खिडकीकडे बघत म्हणाला, "सोडाचीच हाय ते दोरी. रोज म्हणतो, आज सोडतो."

कणकेचे हात पाठीमागे घेऊन वैशाली त्या गाठीकडे बघत होती. मग मला म्हणाली, "मावशी, चहा ठेवू का तुमाले?"

मी संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं आधण ठेवलं. साडेसहा वाजून गेले असतील. ओट्यावरचा फोन वाजला, आणि स्क्रीनवर वैशालीचं नाव होतं. माझा हात पत्तीच्या डब्यावर तसाच थांबला. पहिली रिंग. दुसरी रिंग. तिसरी वाजते का, याची मी वाट बघत उभी राहिले.

वाजली नाही.